लेझीम शिकवायचं कोण?

२६ जानेवारीची आपल्या मैदानावरची लेझीम सर्वांना आठवत असेल. पण ती शिकवायचं कोण? पी.टी.चे सर एकच, मुलं दीडशे. दिवाळीची सुट्टी संपली की सर नववीतली आठ जणं निवडत आणि पाचवी-सहावीच्या तुकड्या त्यांच्या हाती देत.

ही रीत जुनीच. लेझीम मूळची आखाड्यातली. आखाड्यात उस्ताद एक, नवी पोरं अनेक. त्यांना हात धरून शिकवायचा तो दोन-चार वर्षांनी मोठा पठ्ठ्या. बडोद्याच्या प्रा. माणिकरावांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सांघिक व्यायामासाठी हिंदी हुकूम रूढ केले. आपणही मराठी शाळेत ‘आठ आवाज’, ‘आगे फलांग’ असं हिंदीतच ओरडायचो! १९४१ मध्ये एस. एम. जोशी राष्ट्र सेवा दलाचे प्रमुख झाले. तिथेही शाखा चालवायला पगारी माणसं नव्हती, हायस्कुलातली मुलं शाखानायक होत. त्याच सुमारास आपल्या कर्जत तालुक्यात भाई कोतवाल स्वयंसेवी शाळा काढत होते. अमेरिकेतलं चिअरलीडिंगसुद्धा १८९८ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातल्या जॉनी कॅम्पबेल या विद्यार्थ्यानेच सुरू केलं. १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये सुमारे ४०० जणांची लेझीम झाली. सरांनी ती टीव्हीवर पाहिली होती आणि ते दरवर्षी तिचं वर्णन करत.

आमच्या वर्षी, १९९४ मध्ये, सरांच्या यादीत माझं नाव नव्हतं. वर्गात सगळ्यांत सफाईने खेळायचे मी! आणि यादीत होती केळवलीहून लोकलने येणारी, अधूनमधून ठेका चुकवणारी मुलगी. मी तक्रार केली, तेव्हा सरांनी मला नववी म्हणून घेतलं.

पहिल्याच आठवड्यात सहावीतल्या एका मुलीला मी सगळ्यांदेखत ओरडले, “पाय लाकडाचे आहेत का तुझे?” ती दुसऱ्या दिवसापासून आली नाही. सर मला काही बोलले नाहीत. आठ दिवस केळवलीच्या मैत्रिणीच्या तुकडीमागे उभी राहा, एवढंच म्हणाले.

तिथे मी पाहिलं. चुकणाऱ्या मुलांना ती कडेला काढत नसे, दोन पक्क्या मुलांच्या मधे उभी करी. हलगी आधी संथ वाजवायला लावी. आणि स्वतः मुलांकडे तोंड करून उलटी खेळे, त्यांचा उजवा तो तिचा डावा, म्हणजे समोरच्याला नुसतं बघून पाय टाकता यावा. ती स्वतः ठेका चुकत शिकलेली होती. कुठे चुकतं हे तिला ठाऊक होतं. मला ते कधी कळलंच नव्हतं. आज ऑफिसात नव्या इंजिनिअरांना शिकवायला मी सगळ्यांत हुशार माणूस देत नाही, त्याचं कारण हे आहे.

सर मात्र रोज मैदानाच्या कडेला दगडावर बसून असत. मधे पडत नसत, पण उठूनही जात नसत. मुलांच्या हाती कारभार द्यायचा म्हणजे मोठ्यांनी घरी जायचं, असा अर्थ त्यांनी कधी काढला नाही.

सहावीतली ती मुलगी पुन्हा लेझमीला आली नाही. दहावी होईपर्यंत शाळेत मला पाहिलं की ती वाट बदलायची, आणि मीही तिला कधी हाक मारली नाही.

यंदा दिवाळीनंतर लेझीम पुन्हा सुरू करायची असं आमच्या बॅचने ठरवलं आहे. कर्जत-खालापूरच्या वाड्यांतून येणाऱ्या मुलांची शेवटची गाडी सांभाळून सराव ठेवू. नववीतली आठ मुलं निवडायची आहेत. शनिवारी मी येईन. इतर दिवशी त्या दगडावर बसायला कुणीतरी हवं आहे. ज्यांना जमेल त्यांनी संमेलनाच्या दिवशी मला भेटावं.