ऑनलाइन अभ्यासक्रम विकताना : आधी संहिता, मग कॅमेरा

स्वतःचे कौशल्य ऑनलाइन अभ्यासक्रमाच्या रूपाने विकू पाहणारे नवशिके बहुधा पहिला खर्च कॅमेऱ्यावर करतात. वास्तविक पहिला प्रश्न शिकणाऱ्याच्या सोयीचा असतो. गोवंडी स्थानकापासून जवळच, देवनार येथील टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत २०१५ मध्ये टाटा ट्रस्ट व अमेरिकेतील एमआयटी यांच्या साह्याने सुरू झालेला 'क्लिक्स' हा उपक्रम विक्रीसाठी नव्हता. मात्र सरकारी शाळांत इंटरनेटचा भरवसा नाही, हे जाणून त्याचे पाठ शाळेतील संगणकांवरच चालतील अशी व्यवस्था करण्यात आली. त्याला युनेस्कोचा २०१७ सालचा पुरस्कार लाभला.

पवईच्या आयआयटीतील 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाची रीतही अनुकरणीय आहे. पाठ सुमारे दहा मिनिटांचा. आधी लेखी संहिता, ती विषयाशी अपरिचित व्यक्तीकडून तपासून घ्यायची आणि त्यानंतरच ध्वनिमुद्रण. शिवणकाम असो वा हिशेबलेखन, दोन-तीन पाठ ओळखीच्या पाच-सहा जणांना दाखवावेत. ते कोठे अडतात, हे टिपून घ्यावे. संपूर्ण अभ्यासक्रम आधीच चित्रित करून ठेवणे महागात पडते.

विक्रीसाठी तयार संकेतस्थळ निवडल्यास ग्राहक मिळणे सुकर होते, पण शुल्कातील मोठा वाटा त्यांचा असतो. स्वतः विक्री केल्यास प्रसिद्धी, पावत्या, शुल्कपरतीच्या तक्रारी सारे आपल्यावर येते. महाराष्ट्रात सेवांची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांवर गेल्यास जीएसटी नोंदणी सामान्यतः बंधनकारक आहे. अशा खासगी अभ्यासक्रमांवर कराचा दर १८ टक्के असल्याने शुल्क ठरवितानाच तो हिशेबात धरावा.