उर्दू पदवीचं पुढे काय झालं?

चुडावा हे पूर्णा आणि नांदेडच्या मधलं छोटं स्टेशन. आज इथली पोरं बीई, बीएस्सी करून पुण्याची गाडी धरतात. ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वी मात्र मोठं शिक्षण म्हणजे उलट दिशेची गाडी, थेट हैदराबाद. मराठवाडा तेव्हा निजामाच्या संस्थानात होता आणि इथे एकही विद्यापीठ नव्हतं. औरंगाबादचं निघालं १९५८ मध्ये, नांदेडचं १९९४ मध्ये.

हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ १९१८ चं. तिथे विज्ञान, इतिहास, कायदा सगळं उर्दूत शिकवायचे. त्यासाठी पुस्तकं भाषांतरित करणारं खास खातंच सरकारने काढलं होतं. घरी मराठी बोलणारा मुलगा उर्दूत पदवी घ्यायचा, कारण कचेरी आणि कोर्टाचा कारभार उर्दूत चालायचा. हिशोब सरळ होता: ही भाषा, ही पदवी, ही नोकरी.

पहिला धक्का १९३८ मध्ये बसला. वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हणायला बंदी आली. विद्यार्थ्यांनी ती मानली नाही, आणि अनेकांना काढून टाकलं गेलं. वय अठरा-वीस, हातात अर्धवट शिक्षण. नागपूर विद्यापीठाने त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना प्रवेश दिला. या चळवळीत असलेले आणि पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह रावही नागपूरला शिकले. पण तिथलं शिक्षण इंग्रजीतलं. उस्मानियात माध्यम उर्दू असलं तरी इंग्रजी सक्तीचा विषय होता. परीक्षेपुरता वाटणारा तो विषयच आता कामाला आला असणार.

दुसरा धक्का याहून मोठा. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट संपली. उस्मानियाचं माध्यमही उर्दूवरून इंग्रजीवर गेलं. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला. समजा, एखाद्याने १९४५ मध्ये बाविसाव्या वर्षी उर्दूत बीए केलं. तेहेतीस वर्षांचा होईपर्यंत त्याचं सरकार दोनदा बदललं आणि फाइलींची भाषाही बदलली. घरात तोपर्यंत बायको-पोरं आली असतील. पदवी खरीच होती, अभ्यासही खरा होता. ती ज्या कचेरीसाठी घेतली, ती कचेरीच राहिली नव्हती.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. कॉलेजात शिकलेली एखादी भाषा दोन वर्षांत मागे पडते, ऑफर लेटर हातात असून जॉइनिंग सहा महिने लांबतं, आणि तोवर खोलीचं डिपॉझिट मात्र भरावंच लागतं. आपल्याला वाटतं, हे फक्त आपल्याच पिढीच्या वाट्याला आलं. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला असं वाटलं नसेल.

नोकरीला निघालेल्या मुलाला घरचे सांगतात, ‘डिग्री सांभाळून ठेव.’ सांभाळावीच. पण १९३८ च्या पोरांना कागदाने तारलं नाही. त्यांना तीन गोष्टींनी तारलं: बाजूला शिकलेली दुसरी भाषा, परक्या गावात दार उघडणारी माणसं, आणि पुन्हा पहिल्या बाकावर बसायची लाज न वाटणं. यातली एकही गोष्ट मार्कशीटवर येत नाही. म्हणून शेवटच्या वर्षात प्रोजेक्टसोबत याही तीन गोष्टींची बेगमी करून ठेवा. पहिला पगार यायच्या आधीच त्यांची गरज पडू शकते.