आजोबांची न घेतलेली बंदूक

आमचा पुतण्या अमेरिकेत साउथ डकोटा नावाच्या राज्यात असतो. गेल्या महिन्यात त्याचा मोबाईलवर निरोप आला, "काका, पक्ष्यांच्या शिकारीसाठी सेमी-ऑटोमॅटिक शॉटगन घ्यायची आहे. कुठली घेऊ?" मी चष्मा पुसून निरोप पुन्हा वाचला. माझा आणि बंदुकीचा संबंध सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेपुरता. पाच छर्रे, पाच फुगे, आणि शेवटी पाचही फुगे शाबूत. फुगेवाला मला दरवर्षी ओळखायचा आणि आदराने पुढे बोलवायचा.

पण त्याने चुकीच्या माणसाला विचारले असले तरी बरोबर घराण्यात विचारले होते, हे मान्य केले पाहिजे. आमच्या आजोबांनी बंदूक निवडण्यात चांगली दोन वर्षे घालवली होती. लोक मुलीसाठी स्थळसुद्धा इतके पाहत नाहीत.

आजोबा सोलापूरला वकिली करत. १९२८ च्या सुमारास मोहोळकडचे एक देशमुख त्यांचे पक्षकार होते. दावा जिंकल्यावर त्यांनी आजोबांना गाडीत घालून माळावर नेले आणि हातात आपली दुनळी दिली. तित्तर उडाले, आजोबांनी चाप ओढला, आणि ते स्वतः बाभळीत बसले. तित्तर कुठे गेले ते कोणी पाहिले नाही. घरी आले ते उजवा खांदा काळानिळा करून. पण डोळ्यांत काही वेगळेच होते. दुसऱ्या दिवशी मुंबईच्या एका दुकानाला पत्र गेले आणि पंधरवड्यात बंदुकांचा जाडजूड कॅटलॉग घरी आला.

आजी एवढेच म्हणाली, "आणि ते पाखरू खाणार कोण?" आमच्या घरात चातुर्मासात कांदासुद्धा उंबऱ्याबाहेर राही. आजोबांकडे या प्रश्नाचे उत्तर नव्हते. वकिलाकडे उत्तर नसले की तो तारीख मागून घेतो, तशी त्यांनी घेतली.

कॅटलॉगातल्या ज्या पानाचा कोपरा त्यांनी दुमडला होता, त्या पानावर ब्राउनिंगची पाचबारी बंदूक होती. ही तिच्या जातीची पहिली. जॉन ब्राउनिंग हा अमेरिकेतल्या युटाचा बंदूककार. १९०० साली त्याने या बंदुकीचे पेटंट घेतले. विंचेस्टर कंपनीशी त्याचे जुने घरोब्याचे संबंध होते. पण त्याने या वेळी ठोक रकमेऐवजी प्रत्येक नगावर हिस्सा मागितला आणि तिथे बिनसले. मग तो रेमिंग्टनच्या अध्यक्षांना भेटायला गेला. ८ जानेवारी १९०२. ब्राउनिंग कचेरीत बसून होता, आणि अध्यक्ष हृदयविकाराने गेल्याची बातमी आली. माणसाने किती पनवती लावून घ्यावी! ब्राउनिंगने बंदूक उचलली, बोटीत बसला आणि बेल्जियममधल्या लिएजजवळच्या एफ्.एन्. कारखान्यात गेला. तिथे ती बनू लागली. पुढे रेमिंग्टननेही १९०५ पासून तीच आपल्या नावाने काढली, हे ओघाने आलेच.

आता ही चालते कशी, तर धक्क्यावर. बार उडाला की नळी आणि तिच्या मागचा खटका दोन्ही एकमेकांना धरून मागे जातात. मग नळी एकटी पुढे येते, रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते, आणि मागून येणारा खटका नवे काडतूस आत ढकलतो. आपण फक्त चाप ओढायचा. पोटातल्या नळीत चार आणि वर एक, असे पाच बार. मागच्या बाजूला कुबड असल्यासारखी दिसते. देखणी म्हणता येणार नाही, पण कामसू. आत घर्षणासाठी कड्या असतात. हलक्या काडतुसाला त्या एका तऱ्हेने बसवायच्या, जड काडतुसाला दुसऱ्या. चुकलात तर एक तर बंदूक अडते, नाही तर धक्का सगळा लाकडाला आणि खांद्याला. आजोबांनी हा मजकूर पेन्सिलीने अधोरेखित केला होता आणि समासात लिहिले होते, "खांदा?"

तिच्यासमोर उभी होती जुनी दुनळी. देशमुख तिच्या बाजूचे. त्यांचे म्हणणे, दुनळी मोडून हातावर टाकली की ती रिकामी आहे हे दहा पावलांवरून आंधळ्यालाही कळते. या कुबडीच्या पोटात काय आहे ते तिलाच ठाऊक. दुनळीची एक नळी मोकळी असते, तिचे छर्रे जवळच पसरतात. दुसरीचे तोंड किंचित आवळलेले, तिचे छर्रे लांबवर एकत्र जातात. पायाखालून लावा भुर्रकन उठला तर पहिली, निसटून चालला तर दुसरी. वजनातही पौंडभर फरक. दिवसभर माळ तुडवायचा तर पौंड हा पौंड असतो. शिवाय सोलापूरकडचे तित्तर हा मोठा बेरकी पक्षी. तो उडण्यापेक्षा पळण्यावर भर देतो. पळणाऱ्या पाखरावर बार टाकणे खानदानी शिकाऱ्याला कमीपणाचे. मग पाच बार ठेवायचे कोणासाठी?

आजोबांची हरकत याहून व्यवहारी होती. रिकामी काडतुसे घरी आणून पुन्हा भरायची तर ही बया ती कुसळी गवतात भिरकावून देणार. ती वेचायला कोण जाणार?

असा खल दोन वर्षे चालला. मधल्या काळात त्यांनी जुन्या शिकाऱ्यांच्या हकिकती वाचायला घेतल्या. मी वकिलांच्या घरातला, म्हणून पुराव्यानिशी सांगतो : रॉबर्ट मॅन्सफील्ड नावाच्या साहेबाने १८०९ ते १८२९ या काळात नगर जिल्ह्यात ९६१ माळढोक मारल्याची नोंद आहे. नऊशे एकसष्ट! वीस वर्षे, जवळजवळ दर आठवड्याला एक. आणि कशाने? ब्राउनिंगचा बाप तेव्हा पोरगा होता. काडतूस नव्हते. तोंडातून दारू ओतायची, छर्रे घालायचे, गजाने ठासायचे आणि चकमकीवर भरवसा ठेवायचा, अशी ती ठासणीची बंदूक. यंत्र जुने होते, पण साहेबाला सुट्टी भरपूर होती. पक्षी दहा-पंधरा किलोचा, डौलात चालणारा, मादी उघड्या माळावर सहसा एकच अंडे घालणारी. हिशेब करायला गणित लागत नाही.

त्याच माळावर फासेपारधी घोड्याच्या केसांचे फास लावून दोनचार तित्तरे धरत. त्यांना १८७१ च्या कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरवले, ते १९५२ सालापर्यंत. मॅन्सफील्डसाहेब मात्र नोंदवहीत सभ्य गृहस्थ.

अखेर १९३० च्या सुरुवातीला आजोबांचे मन कुबडीवर बसले. परवान्याचा अर्ज तयार झाला. १८७८ च्या लिटनसाहेबाच्या हत्यार कायद्याने आपल्या लोकांना परवान्याशिवाय बंदूक बंद झाली होती, आणि सुरुवातीला गोऱ्यांना त्यातून सूट होती. आजोबांनी अर्जात कारण लिहिले, "मनोरंजन". हा अर्ज ते मेमध्ये देणार होते.

सोलापूरकराला १९३० चा मे सांगावा लागत नाही. ८ मे रोजी गोळीबार झाला आणि १२ मे रोजी शहरात मार्शल लॉ पुकारला गेला. डोक्यावर गांधीटोपी दिसली तर शिक्षा होण्याचे ते दिवस. पुढे १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि किसन सारडा यांना फाशी झाली. आजोबांनी तो अर्ज कधी फाडला ते घरात कोणाला कळले नाही. आजी सांगायची, त्या मेमध्ये रस्त्यावरून शिपाई खांद्याला बंदुका लावून जायचे, तेव्हा हे खिडकीची फळी लावून आत बसायचे. नंतर त्यांच्या तोंडी पाचबारीचे नाव आले नाही. कॅटलॉग मात्र राहिला. त्यावर आजीने बरीच वर्षे उन्हाळी वाळवणाचा हिशेब लिहिला. दुमडलेल्या पानावर कुरडयांचा आहे.

मला आठवते ती पुढची गोष्ट. १९७९ साली नान्नजला माळढोक अभयारण्य झाले. झाले म्हणजे एवढे झाले की ८,४९६ चौरस किलोमीटर! सोलापूर-नगरची गावेच्या गावे त्यात बसली. घर बांधायला काढले तरी माळढोकाला विचारायची पाळी, म्हणून लोक पक्ष्यावर चिडायचे. पुढे ते १,२२२ वर आले. तर त्या सुरुवातीच्या दिवसांत आजोबा ऐंशीला टेकले होते आणि म्हणाले, "मला नान्नजला ने." त्यांनी एक सेकंडहँड दुर्बीण घेतली होती. ती निवडायला त्यांना अर्धा तास लागला.

पाऊस नुकताच पडून गेला होता. खूप लांब, गवतात, एक नर उभा होता. गळ्याची पांढरी पिशवी फुगवून, शेपटी उभारून. मधूनच घुमल्यासारखा आवाज. म्हणूनच काही भागांत त्याला हूम म्हणतात. आजोबांनी दुर्बीण लावली आणि मी पाहिले, त्यांनी तिचे मागचे टोक डोळ्याला लावण्याआधी क्षणभर उजव्या खांद्यापाशी नेले. मग स्वतःशीच हसले. पक्षी चार पावले चालून जड पंखांनी उडाला आणि ते म्हणाले, "याला पाच बार लागले नसते रे. एकही पुष्कळ झाला असता."

आता देशभरात मिळून माळढोक दीडशेच्या आसपास उरले आहेत, बहुतेक राजस्थानात. शिकार १९७२ च्या कायद्याने आणि १९९१ च्या दुरुस्तीने संपली. आता त्याला विजेच्या तारा मारतात आणि माळ नांगरला गेल्याने जागा उरत नाही. नान्नजला गेलात तर काळवीट दिसेल, नशीब असेल तर लांडगा. माळढोकासाठी मी चार वेळा जाऊन रिकामा आलो.

पुतण्याला हे सगळे लिहून पाठवले. तो म्हणाला, "काका, इथे हिशेब चोख आहे. फेझंट हा पक्षीच मुळात चीनमधून १८८० च्या दशकात आणलेला. दिवसाला तीन नर, मादीला हात लावायचा नाही. बंदुकीवर आणि काडतुसांवर अकरा टक्के कर आहे, १९३७ च्या कायद्याने तो वन्यजीवांच्या कामावर खर्च होतो." मला मॅन्सफील्डसाहेब आठवला. त्याने अकरा टक्के भरले असते तर नगर जिल्हा आज हिरवागार असता.

तरी विचारलेच आहे म्हणून सल्ला दिला. वायूवर चालणारी घे, धक्का कमी बसतो; आपल्या घराण्याचा खांदा नाजूक. बाराबोअरपेक्षा वीसबोअर हलकी. दुकानात डोळे मिटून खांद्याला लाव, उघडल्यावर नजर सरळ नळीवर आली तर ती तुझी. नाही आली तर जाहिरात कितीही चांगली असो, ठेवून दे. आणि शेवटी आजीचा प्रश्न जसाच्या तसा टाकला : "ते पाखरू खाणार कोण?"

दोन दिवस उत्तर नव्हते. मग आले : "काका, बायको म्हणते, शिजवीन. पण पिसं तुम्ही काढायची."