पत्रा, लांबी आणि रंग: जुना पिकअप घरीच दुरुस्त करण्याचा इतिहास

आज बोलायचंय जुन्या पिकअप ट्रकबद्दल, आणि त्यातही एका अस्सल अमेरिकन सवयीबद्दल. पोचे आलेला, गंजलेला ट्रक अंगणात उभा करायचा आणि स्वतःच पत्रा ठोकायचा, लांबी भरायची, रंग मारायचा. आपल्याकडेही लोक असे व्हिडिओ आवडीने बघतात. ते बघताना मला प्रश्न पडायचा, की हे काम घरच्या माणसाच्या हातात आलं कधी?

गंमत म्हणजे पिकअपची सुरुवातच घरगुती जुगाडातून झाली. फोर्डची मॉडेल टी घ्यायची, मागचा भाग काढायचा आणि तिथे लाकडी खोकं बसवायचं, हे शेतकरी आणि दुकानदार आधीपासूनच करत होते. एप्रिल १९२५ मध्ये फोर्डने कारखान्यातूनच हौदा लावून गाडी विकायला काढली. किंमत २८१ डॉलर.

रंगाचं मात्र अवघड होतं. घोडागाडीच्या काळापासूनची पद्धत म्हणजे ब्रशने व्हार्निशचा थर द्यायचा, वाळू द्यायचा, घासायचा, की पुढचा थर. एका गाडीला काही आठवडे लागत. फोर्डचा प्रसिद्ध काळा रंग भट्टीत भाजून पक्का करत, आणि भट्टी काही अंगणात नसते.

हे बदललं १९२३-२४ च्या सुमारास. ड्यूपॉन्ट कंपनीने नायट्रोसेल्युलोजपासून झटपट वाळणारा रंग बनवला. नायट्रोसेल्युलोज म्हणजे ज्या पदार्थापासून बंदुकीची दारू आणि सिनेमाची फिल्म बनायची, तोच. जनरल मोटर्सने तो ओकलंड गाड्यांवर वापरला आणि आठवड्यांचं काम तासांवर आलं. रंगाचं नाव होतं ‘ड्युको’. हो, तोच! आपल्याकडे फर्निचरवाले आजही ‘ड्युको पेंट’ म्हणतात, तो शब्द इथून आलाय.

आता पोच्यांचं बघू. पत्रा मागून ठोकून जमेल तेवढा सरळ करायचा, हे तेव्हाही होतं आणि आजही आहे. उरलेला खड्डा भरायला पूर्वी शिसं आणि कथील यांचा मिश्रधातू वापरत. पत्रा ज्योतीने तापवायचा, मिश्रधातू मऊ करून लाकडी पट्टीने पसरायचा आणि मग कानशीने घासायचा. त्याला कसब लागायचं, आणि शिशाची विषारी भुकटी कारागिराच्या छातीत जायची.

१९५० च्या दशकात पॉलिएस्टरची लांबी आली. रेझिनमध्ये शंखजिऱ्याची पूड असते, त्यात थोडं हार्डनर मिसळलं की काही मिनिटांत ती दगडासारखी घट्ट होते. ज्योत नको, भट्टी नको. तिकडे ‘बाँडो’ हे एका ब्रँडचं नाव सगळ्याच लांबीला चिकटलं. त्याच्या थोडं आधी, १९४९ मध्ये, इलिनॉयमधल्या एडवर्ड सेमूर यांनी रंग फवारणीच्या डब्यात भरला होता. आता ब्रश नको, कॉम्प्रेसरही नको. शनिवार-रविवारी कुणीही रंगारी होऊ शकत होता.

पिकअप या कामाला सोयीचाही होता. जुन्या पिकअपचे मडगार्ड बोल्टने बसवलेले असायचे. पाना घ्या, सोडवा, जमिनीवर ठेवून ठोका.

पण मला या इतिहासातली खरी गोष्ट वेगळीच वाटते. शिसं भरायचं तर पत्रा आधी घासून लख्ख करावाच लागे. गंजावर ते धरतच नाही. पॉलिएस्टर मात्र गंजलेल्या भोकावरही थापता येतं आणि दोन-चार महिने छान दिसतं. त्यात हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात, म्हणजे गंजाला आमंत्रणच. शंखजिरं मागच्या बाजूने ओल ओढून घेतं, गंज आतून पसरतो आणि एके दिवशी रंगाला फुगा येतो. दुरुस्ती सोपी झाली, तशी लपवाछपवीही सोपी झाली. तिची किंमत जुनी गाडी घेणाऱ्याने मोजली. म्हणून तर जाणकार खिशात लोहचुंबक ठेवतात: जिथे तो चिकटत नाही तिथे पत्रा नाही, नुसती लांबी आहे. मुंबई-पुण्यात सेकंडहँड टेम्पो बघायला जाल तेव्हाही हा उपाय चालतो बरं का!

नियम तसे जुनेच आहेत. गंजलेला भाग कापून नवा पत्रा जोडायचा. लांबी पातळ, फार तर सहा मिलिमीटर. उघड्या लांबीवर पाणी घालून घासायचं नाही. आणि हार्डनर घालून वापरायचे आजचे दोन भागांचे रंग साधा रुमाल बांधून फवारू नका. त्यातल्या आयसोसायनेटमुळे कायमचा दमा लागू शकतो. शिशाची भुकटी गेली, पण छातीचा धोका गेलेला नाही. आपल्याकडच्या डेंटिंग-पेंटिंगच्या गाळ्यांत तोंडाला फडकं बांधून काम करणारी पोरं दिसतात, तेव्हा मला हेच आठवतं.

रंग एका दुपारी वाळतो, पण त्याच्याखालचं काम किती खरं होतं, हे दोन पावसाळे गेल्यावरच कळतं. भेटू पुढच्या भागात.