कर्ज, पाणी आणि योबेल वर्ष

आषाढीच्या वारीत संत तुकाराममहाराजांची पालखी बारामती, सणसर असे मुक्काम करीत इंदापूर तालुक्यातील अंथुर्णे या गावी विसावते. १६३० च्या भीषण दुष्काळात होरपळलेल्या तुकोबांनी वडिलार्जित सावकारीतील आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडविली, असे परंपरा सांगते. आम्हा ख्रिस्ती वाचकांना येथे लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायाचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. भूमी परमेश्वराची आहे, मनुष्य तिच्यावरील पाहुणा आहे. म्हणून पन्नासाव्या वर्षी गहाण गेलेले वतन मूळ धन्यास परत मिळावे, दास मुक्त व्हावा आणि जमिनीलाही विसावा लाभावा, असा तो नियम.

हा नियम जेथे पाळला जात नाही तेथे काय घडते, याची साक्ष याच परिसराने दिली आहे. १२ मे १८७५ रोजी आजच्या बारामती तालुक्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या पेढ्यांवर चाल केली. त्यांचा रोख मुख्यतः कर्जरोखे व हिशेबाच्या वह्या यांवर होता. या उठावानंतर सरकारने चौकशी आयोग नेमला व १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा केला.

दरम्यान १८७६ चा दुष्काळ आला. त्या काळात दुष्काळी काम म्हणून नीरा डाव्या कालव्याच्या खोदाईस आरंभ झाला. भुकेल्यांच्या श्रमाने झालेल्या या कालव्याने पुढे बारामती-इंदापूरची माळराने हिरवी केली. ऊस आला, अंथुर्ण्याजवळ वालचंदनगर उभे राहिले. परंतु पाटाचे पाणी सर्वांच्या बांधापर्यंत सारखे पोहोचले नाही. कालव्याच्या वरची जिरायती गावे पावसाकडे डोळे लावूनच राहिली.

१९६० नंतरच्या अवर्षणात या जिरायती पट्ट्यात एक वेगळा प्रयोग झाला. चर्चसंस्थांकडून मिळणारे धान्य व तेल नुसते वाटून टाकण्याऐवजी कामाच्या मोबदल्यात देऊन गावोगावी पाझर तलाव बांधण्यात आले. पाझर तलाव पाणी अडवितो, जमिनीत जिरवितो. ते खालच्या विहिरींना मिळते. या कामातूनच आप्पासाहेब पवारांच्या पुढाकाराने १९७१ मध्ये बारामतीचा कृषी विकास प्रतिष्ठान हा न्यास आकारास आला. हे चर्चबंधू आपल्या कॅथलिक पंथाचे नव्हते. पण भुकेल्याला भाकरीबरोबर प्रतिष्ठाही द्यावी, हा धडा आपण त्यांच्याकडून विनम्रपणे घ्यावा.

त्याच सुमारास, १९६७ मध्ये, पोप सहावे पॉल यांनी आपल्या परिपत्रकात खाजगी मालमत्तेचा हक्क निरपवाद नाही, असे बजाविले. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’मध्ये धरणीचा आक्रोश व दीनांचा आक्रोश एकच असल्याचे दाखवून दिले, २०२५ च्या ज्युबिली वर्षासाठी त्यांनी गरीब राष्ट्रांच्या कर्जमाफीचे आवाहन केले.

मग आपल्या धर्मग्रामातील कुटुंबांनी काय करावे? लग्नकार्यासाठी कर्ज काढण्याची चढाओढ थांबवावी, शेजाऱ्याच्या विहिरीचा विचार करून आपल्या बोअरची खोली ठरवावी, मजुराला ठरलेला मोबदला त्याच दिवशी द्यावा. भूगर्भातील पाणी उपसताना आपणही कर्जच काढीत असतो आणि ते फेडण्याची पाळी आपल्या नातवंडांवर येते. साधी राहणी हे केवळ व्रत नव्हे, तो न्यायाचा भाग आहे.