डोरेमॉनचा पहिला आवाज

आज सुरुवातीलाच एक काम देतो. डोरेमॉनचा आवाज आठवा. आठवला? आता त्याच्या तोंडी शेजारच्या एखाद्या काकांचा जाडाभरडा आवाज घाला. विचित्र वाटतंय ना? पण टीव्हीवर डोरेमॉन पहिल्यांदा बोलला तो साधारण असाच.

आमच्या पिढीचा डोरेमॉन म्हणजे हंगामा टीव्हीवरचा, हिंदी बोलणारा. आम्ही सिडकोत राहायचो. शाळेतून आलं की दप्तर कोपऱ्यात आणि रिमोट हातात. लोडशेडिंग झालं की नोबिताचं पुढे काय झालं ते दुसऱ्या दिवशी मित्राला विचारायचं. मला कित्येक वर्षं वाटायचं की डोरेमॉन म्हणजे एवढाच. मग इंजिनिअरिंगच्या होस्टेलमध्ये एका रात्री, उद्या पेपर असताना, कळलं की याच्याआधी अजून एक डोरेमॉन होता.

आता जरा मागे जाऊ. डोरेमॉनची मांगा, म्हणजे चित्रकथा, 1969 च्या डिसेंबरमध्ये सुरू झाली. ती एकाच वेळी लहान मुलांच्या सहा मासिकांत यायची. बालवाडीच्या मुलांना वेगळी गोष्ट, चौथीच्या मुलांना वेगळी. काढणारे होते हिरोशी फुजिमोतो. ते आणि त्यांचा मित्र मिळून 'फुजिको फुजिओ' या एकाच नावाने लिहायचे.

तिच्यावर पहिली मालिका आली 1 एप्रिल 1973 ला, निप्पॉन टीव्हीवर. रविवारची संध्याकाळ, सात वाजता. आणि समोरच्या चॅनेलवर त्याच वेळेला कोण? माझिंगर झेड! महाकाय रोबोची तुफान मारामारी. बिचारा डोरेमॉन काय करणार? सुरुवातीला त्याला आवाज दिला कोसेइ तोमिता या पुरुष कलाकाराने. अर्ध्यावर आवाज बदलला आणि मासाको नोझावा आल्या. हो, पुढे ड्रॅगन बॉलमध्ये गोकूचा आवाज झालेल्या त्याच! जियानचा आवाज काढणारे कानेता किमोत्सुकी पुढच्या मालिकेत चक्क सुनियो झाले.

26 भाग झाले आणि 30 सप्टेंबरला मालिका संपली. ती बनवणारी कंपनीच बंद पडली. कंपनी बुडाली की सामानाचं काय होतं, ते आपल्याला माहितेय. बरीच रिळं गेली. मालिका कधीच डीव्हीडीवर आली नाही. आज त्यातलं जे काही दिसतं, त्याचं बरंचसं श्रेय जुन मासामी या माणसाला जातं. ते त्या मालिकेच्या निर्मितीत होते आणि त्यांनी काही रिळं आणि कागद स्वतःकडे जपून ठेवले.

गंमत बघा. मालिका आपटली, पण 1974 पासून मांगाची पुस्तकं निघायला लागली आणि ती मुलांनी उचलून धरली. म्हणून 2 एप्रिल 1979 ला टीव्ही असाहीवर दुसरी मालिका आली. नोबुयो ओयामा यांनी त्यात 2005 पर्यंत डोरेमॉनला आवाज दिला. सगळ्यांना तोच खरा वाटायला लागला आणि पहिला विस्मरणात गेला.

तुम्ही म्हणाल, ठीक आहे, फ्लॉप कार्टून होतं, गेलं. पण फक्त फ्लॉप गोष्टीच हरवतात असं नाही. आपल्याकडचंच घ्या. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' 1913 चा. त्याच्या चार रिळांपैकी आज दोनच आहेत, आणि तीही 1917 मध्ये पुन्हा काढलेल्या सिनेमाची असावीत, असं काही अभ्यासक म्हणतात. 1931 चा 'आलम आरा', भारताचा पहिला बोलपट, तो तर उरलाच नाही. जुन्या रिळांमधली चांदी काढून विकायचे लोक! पुण्यात 1964 मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं, तेव्हा पी. के. नायर नावाचा माणूस डबे शोधत गावोगाव फिरला. फाळक्यांच्या सिनेमांसाठी तो नाशिकला त्यांच्या घरच्यांपर्यंत पोचला. म्हणून आज आपल्याला निदान तेवढं तरी बघायला मिळतं.

मी सॉफ्टवेअरवाला. ऑफिसात रोज बॅकअपच्या गप्पा मारतो. आता माझं स्वतःचं सांगतो.

आमच्या आजोबांनी एका कॅसेटवर स्वतःच्या आवाजात हरिपाठ म्हणून ठेवला होता. मी तिसरीत होतो. मला डोरेमॉनचं टायटल साँग हवं होतं. टेपरेकॉर्डर टीव्हीसमोर धरला, हाताला लागली ती कॅसेट घातली आणि लाल बटण दाबलं. आजोबा तेव्हा होते. हसले, म्हणाले, "असू दे, परत म्हणेन." ते राहूनच गेलं.

ती कॅसेट अजून आहे घरात. आधी गाणं, मग मिक्सरचा आवाज, मग आईची हाक. आणि अगदी शेवटी, माझं रेकॉर्डिंग जिथे संपलं तिथून पुढे, आजोबांच्या शेवटच्या दोन ओळी.

त्या मी मागच्या महिन्यात मोबाईलमध्ये घेतल्या. तीन ठिकाणी ठेवल्यात.

तर मंडळी, या रविवारी घरातला जुना फोन, मेमरी कार्ड, कॅसेटचा डबा, काय असेल ते बाहेर काढा. काय सापडलं ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!