गडाबाहेर गेलेल्या पोथ्या

मैत्रिणींनो, बचतगटाचा हिशेब आता कॉम्प्युटरवर आला. पण लिहिलेलं जपायची काळजी आपल्या कृष्णाकाठाला जुनीच आहे. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास समर्थ रामदासांनी लेखनक्रियेलाच दिलाय. अक्षर कसं काढावं, कागद-शाई कशी असावी, इतकं बारीक! शिष्यांनी पोथ्यांच्या नकला केल्या आणि त्या सज्जनगडाबाहेर गावोगावच्या मठांत गेल्या. म्हणून तर एखादा मठ ओस पडला तरी ग्रंथ राहिला.

2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं. धोक्याची पातळी 45 फूट. 1869 सालच्या सांगली नगर वाचनालयात पाणी शिरलं, हजारो पुस्तकं भिजली. ज्या पुस्तकाची प्रत दुसऱ्या गावात आहे ते पुन्हा मिळेल. एकुलतं एक असलेलं कुठून आणणार?

पेनड्राइव्हवर नक्कल घेऊन तो कॉम्प्युटरच्याच कपाटात ठेवला, तर पूर दोन्हींना एकदमच गाठतो. आम्हाला वाटतं, महिन्याच्या बैठकीनंतर फाइल उतरवावी आणि पेनड्राइव्ह उंचावरच्या वस्तीतल्या सखीकडे द्यावा. अधूनमधून तो लावून फाइल उघडते का, तेही बघत जा.